मर्लचा खांदा, आर्डिसचे कान

आर्डिस हौगेन ही तिखट कानाची बाई, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चर्चचा ऑर्गन बिघडला की दुरुस्त करणारा माणूस शहरातून यायच्या आधी तिलाच बोलावत. ती डोळे मिटून दोन मिनिटं उभी राहायची आणि कुठल्या नळीतून हवा निसटते ते बोटाने दाखवायची. लहानपणी बापाच्या वाड्यात कुठली मेंढी अडली आहे ते तिला घरात पडल्या पडल्या कळायचं. गावातले लोक म्हणायचे, आर्डिसबद्दल काही बोलायचं असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बोला.

आणि नवरा मिळाला तो मर्ल. डाव्या कानाने ठार बहिरा, उजव्याने अर्धामुर्धा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं तो बंदुका दुरुस्त करत आला होता, आणि प्रत्येक बंदूक दुरुस्त झाली की उडवून बघावी लागते. त्याच्या तरुणपणी कानात बोळे घालणारा माणूस बायल्या समजला जायचा. फार तर कुणी पिस्तुलाची रिकामी काडतुसं कानात खुपसायचं, आणि तीही हसत हसत. त्या मर्दुमकीची किंमत आमच्या गावातले निम्मे म्हातारे आता भरतात. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना ते सगळे समजल्यासारखे माना डोलावत असतात.

मर्लच्या दुकानात अलीकडे सगळ्यात जास्त मागणी होती ती ब्रेकची. ब्रेक म्हणजे बंदुकीच्या नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचा बोटभर पोलादी तुकडा. त्याला भोकं असतात. गोळीमागचा जाळ त्या भोकांतून बाजूला फुटतो, त्यामुळे बंदूक खांद्यात जी लाथ मारते ती निम्म्यावर येते. पण जाळ आणि आवाज कुठेतरी जाणारच. तो जातो शेजारच्याकडे.

मर्ल गिऱ्हाइकाला हे सरळ सांगायचा. एकदा गव्हाच्या शेतीवाला वेंडेल आला तेव्हा आर्डिस गल्ल्यावरच बसली होती.

"शिकारीला तुझ्या शेजारी कोण असतं?" मर्लने विचारलं.

"मेहुणा."

"लाडका आहे?"

"छे."

"मग हा घे, मागे वळलेल्या भोकांचा. तुला धक्का शून्य, आणि मेहुण्याला तुझं बोलणं पुन्हा कधी ऐकावं लागणार नाही."

"आणि बायको आली तर?"

"तर हा सरळ भोकांचा. लाथ थोडी जास्त बसेल, संसार टिकेल. चहूबाजूंनी भोकं असलेला मात्र घेऊ नकोस, पालथा पडून गोळी झाडलीस की सगळी माती तुझ्याच डोळ्यांत." मग तो म्हणाला, "खरं सांगू? सायलेन्सर घे. सरकारी कागद यायला वेळ लागतो, पण कान दुसरे मिळत नाहीत."

वेंडेलने मागे वळलेल्या भोकांचाच घेतला. सगळे तोच घेतात. हाताला जे सुख लागतं तेच माणूस दुकानात तपासून बघतो, शेजारच्याचा कान तिथे हजर नसतो.

मर्लने स्वतःच्या बंदुकीला ब्रेक कधी लावला नव्हता. कारण त्याच्या शेजारी आर्डिस असायची.

चौतीस वर्षं ही दोघं गावाच्या पश्चिमेच्या डोंगरात एकाच उतारावर एल्क मारायला जात. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. एक पडलं की हिवाळाभर फ्रीजर भरलेला. आर्डिसने आयुष्यात एकही जनावर मारलं नाही. तिचं काम दुर्बीण आणि कान. ती नेहमी मर्लच्या उजव्या हाताला पालथी पडायची, म्हणजे तिची कुजबुज त्याच्या चालत्या कानात जाईल. जनावर टप्प्यात आलं की मर्ल बुटाने तिच्या घोट्याला दोन टोले द्यायचा. ती गळ्यातल्या दोरीचे बोळे कानांत घालायची, आणि तो गोळी झाडायचा. स्वतःचा उजवा कान तो मोकळाच ठेवायचा. ती "थांब" म्हणाली तर ऐकू यायला हवं ना.

गोळीनंतरचं काम जास्त महत्त्वाचं होतं. आमच्याकडची ग्रिझली अस्वलं पूर्वी बंदुकीच्या आवाजाने पळायची, आता येतात. आवाज झाला म्हणजे आतडी पडली, हे त्यांना कळून चुकलंय. गावात त्याला जेवणाची घंटा म्हणतात. म्हणून एकाने जनावर फाडायचं आणि दुसऱ्याने उभं राहून ऐकायचं, असा रिवाज. अस्वल दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो, ऐकू येतं तेव्हा वेळ असतो. मर्ल सुरी चालवता चालवता मान वर न करता विचारायचा, "काय ऐकू येतंय?" आणि आर्डिस सांगायची, वारा, किंवा कावळे, किंवा झरा. दोघांत मिळून कानांची एकच जोडी धड होती, आणि ती तिची होती. हे दोघांनाही माहीत होतं.

गेल्या जानेवारीत मर्ल दारातल्या बर्फावर घसरला आणि उजवा खांदा फाटला. मार्चमध्ये टाके पडले. डॉक्टर म्हणाला, हात वर जाईल, पण धक्का सोसणार नाही. तेवढ्याने मर्ल बसला तो बसलाच. उन्हाळाभर खिडकीशी बसून डोंगराकडे बघायचा. शेडमधला लेथ गंजू लागला. जेवण अर्धं टाकायचा. आर्डिसने हलक्या गोळीची बंदूक घ्यायला सुचवलं तर म्हणाला, "अस्वलांच्या रानात गोफण घेऊन जाऊ?" सायलेन्सरचा अर्ज जुलैत गेला होता, सप्टेंबर उजाडला तरी कागदाचा पत्ता नव्हता. बारीक आवाज आत सोडणारे आणि धमाका अडवणारे, कान झाकायचे बॅटरीवाले कप दुकानात होते, ते आर्डिसला चालत नसत. त्यात वारा घोंघावतो आणि आवाज कुठून आला ते कळत नाही, म्हणायची.

"यंदा राहू दे," मर्ल म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

सदुसष्ट वर्षांचा माणूस पुढच्या वर्षी बघू म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात काय असतं, ते आर्डिसच्या कानांना बरोबर कळलं. ती घाबरली. तिचा बाप असाच एका खिडकीशी बसून संपला होता.

"ब्रेक लाव," ती म्हणाली.

"तुझ्या शेजारी? अजिबात नाही."

"मला विचारलंस? चल, खडीच्या खाणीत जाऊन बघू. मी सांगते कुठला."

सप्टेंबरच्या एका दुपारी ती दोघं खाणीत गेली. मर्लने नळीला आधीच आटे पाडून ठेवले होते. आर्डिसने बोळे घातले, वर कप चढवले आणि आपल्या नेहमीच्या जागी, त्याच्या उजव्या हाताला पालथी पडली. आधी सरळ भोकांचा. तिच्या गालावर वाऱ्याची थप्पड बसली, पण ती सोसण्यासारखी होती. मर्लने मात्र ओठ घट्ट आवळले आणि खांदा धरून बसला. मग मागे वळलेल्या भोकांचा. या वेळी तिच्या दातांत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं. बोळे आणि कप दोन्ही असताना कवटीत कुणीतरी दार आपटल्यासारखं झालं. तिने मान वळवली तर मर्ल हसत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसत होता.

"काहीच नाही गं," तो म्हणाला. "उशीने ढकलल्यासारखं. तुला?"

"मलाही काही नाही."

"खरं सांग."

"सांगितलं ना. हाच घे."

ज्या माणसाने चाळीस वर्षं गावाला शहाणपण शिकवलं, त्याने बायकोचा शब्द तपासून पाहिला नाही. तिला काही होत नाही हे त्याला ऐकायचंच होतं. आणि आर्डिसला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बोळे तर घालायचेच आहेत.

घरी परतताना मर्ल म्हणाला, "या धुडाला माझाही उजवा कान झाकावा लागणार. असलेला अर्धा तरी राहू दे."

"झाक की," आर्डिस म्हणाली. यात काय बदललं ते दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

हंगामाच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेआठला ती दोघं उतारावर होती. जमिनीवर पातळ बर्फ, आभाळ खाली आलेलं. समोरच्या मोकळ्या गवतात एल्कचा एक नर हळूहळू चरत येत होता. त्याच्या मागे दाट झाडी, डावीकडे विलोच्या झुडपांनी भरलेली घळ. मर्लने उजव्या कानात बोळा घातला आणि आर्डिसच्या घोट्याला दोन टोले दिले. तिने बोळे घातले आणि वाट पाहू लागली.

पण एल्क थांबला. एका झाडाआड अर्धं अंग लपवून उभा राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मर्ल बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावून दगडासारखा पडून होता. बोळे घातलेले असतानाही आर्डिसला वाटलं की डावीकडे काहीतरी मोडलं. ऐकलं म्हणण्यापेक्षा पोटाखालच्या जमिनीतून जाणवलं. तिने दोन्ही बोळे काढले आणि श्वास रोखला. घळीच्या बाजूने पुन्हा एक काटकी मोडली. हरणाच्या खुराखाली मोडते तशी टचकन नव्हे. जड काहीतरी सावकाश तिच्यावर टेकलं होतं.

"थांब," ती त्याच्या कानाशी कुजबुजली.

चौतीस वर्षं हा एक शब्द पुरला होता. त्या कानात आज बोळा होता.

मर्लने गोळी झाडली.

आर्डिसला आवाज असा काही आलाच नाही. डोक्याच्या डाव्या बाजूला पांढरं काहीतरी फुटलं आणि मग एक बारीक शिटी सुरू झाली, चहाची किटली विसरून राहावी तशी. तिने गाल बर्फावर टेकला. मर्ल उठून बसला होता, बोळा काढत होता, त्याचे ओठ हलत होते. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. गवतात एल्क जागीच पडला होता.

तिने पटकन बोळे मुठीत लपवले.

सांगायचं ते त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण आर्डिसने मनात हिशोब केला: शिटी दहा मिनिटांत जाते, मर्ल सगळ्यांना हेच सांगतो. आता बोललं तर हा बंदूक दरीत फेकेल, पुन्हा खिडकीशी जाऊन बसेल, आणि त्याला तिथे बसवणारी मी. घळीत जे काही होतं ते बाहेर आलं तर दिसेलच, दहा मिनिटं डोळ्यांनी राखण करू. तिला आई म्हणायची ते आठवलं, आपलं दुखणं दुसऱ्याच्या ताटात वाढू नये. असल्या शिकवणीने आमच्याकडच्या किती बायका अकाली गेल्या त्याची गणतीच नाही.

ती त्याच्या मागोमाग उतरली. मर्ल एल्कच्या पोटाशी गुडघे टेकून बसला, बंदूक जनावराच्या अंगाला टेकवून ठेवली आणि सुरी काढली. त्याचं तोंड झाडीकडे, तिचं गवताकडे आणि त्याच्याकडे. एरवी ती पाठ करून उभी राहायची. आज त्याचे ओठ दिसायला हवे होते, म्हणून ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मधून मधून मान फिरवत राहिली.

मर्लचे ओठ हलले. प्रश्न ओळखायला कान लागत नव्हते.

"वारा," आर्डिस म्हणाली.

तो समाधानाने मान डोलावून पुन्हा खाली वाकला.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. शिटी गेली नाही. उजव्या कानातही कापूस दाबल्यासारखं झालं होतं. आर्डिसने हळूच बोटं वाजवून पाहिली, आधी एका कानाशी, मग दुसऱ्या. काही नाही. गरम रक्ताची वाफ वर चढत होती आणि वारा तिच्या तोंडावरून मागे, झाडीकडे वाहत होता. तो वास कुठवर जात असेल ते तिला ठाऊक होतं. तिने मान मागे वळवली, झाडी पाहिली, घळ पाहिली. झुडपं हलत होती, पण झुडपं वाऱ्यानेही हलतात. बऱ्यावाईटातला फरक तिला नेहमी कानांनी कळायचा, डोळ्यांना तो कळत नव्हता.

मर्लने पुन्हा विचारलं.

"वारा," ती म्हणाली. आपण ओरडून बोललो की हळू, ते तिला कळलं नाही. मर्लने जरा चमकून पाहिलं. मग एल्कच्या काळजावरची चरबी कापायला लागला.

घळीवरून चार काळे-पांढरे मॅगपाय उठले. एरवी ते पक्षी भांडखोर बायकांसारखे कलकलतात. आर्डिसला त्यांच्या उघडलेल्या चोची दिसल्या, आणि त्यांतून काहीच बाहेर आलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आता सांगायचंच, असं तिने ठरवलं, आणि मर्लकडे वळली.

मर्लने मान वर केली होती. तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या पलीकडे बघत होता. त्याचं तोंड पूर्ण उघडलं, मानेच्या शिरा ताठल्या. तो ओरडत होता. एकदा, दोनदा, तीनदा. आर्डिस त्या उघड्या तोंडाकडे बघत उभी होती आणि तिच्या डोक्यात किटली शिटी मारत होती.

मग त्याने सुरी टाकली आणि बंदूक उचलली. नळी सरळ तिच्या दिशेने आली. नळीचं ते भोकाभोकांचं तोंड तिला जन्मभर विसरता आलं नाही. मर्लचा डावा हात एकदा खाली आपटला, झोप, खाली. ती धाडकन पालथी पडली. डोक्यावरून दुसरा स्फोट गेला. मग तिसरा.

शिटी खोल खोल गेली, आणि मग तीही राहिली नाही.

तिने मान वळवली तेव्हा ग्रिझली तिच्या बुटांपासून सहा पावलांवर पडली होती. पाठीवरचं कुबड अजून थरथरत होतं. तोंडातून वाफ येत होती, ती थांबली. अस्वलांसाठी कमरेला लावलेला मिरचीचा फवारा आर्डिसने काढलासुद्धा नव्हता. मर्ल धावत आला, तिला छातीशी धरलं, हात, पाय, पाठ सगळं चाचपून पाहिलं. कुठे ओरखडाही नव्हता. तो रडत होता आणि हसतही होता. आर्डिस त्याच्या छातीला टेकून होती. त्याचं बोलणं तिला फक्त बरगड्यांतून थरथरल्यासारखं जाणवत होतं.

ग्रिझली मारणं आमच्याकडे लहान गोष्ट नाही. जीव वाचवायला मारली तरी सरकारला सांगावं लागतं. मर्लने टेकाडावर जाऊन फोन लावला आणि दुपारी दोनला वनखात्याची वॉर्डन आली, शेल्बी क्रो नावाची तरुण बाई. तिने मापं घेतली, फोटो काढले, बर्फातले पंजे मोजले. पंजे घळीतून निघून सरळ आर्डिसच्या पाठीशी येत होते, सत्तर पावलं, वाळलेल्या काटक्यांच्या थरावरून. शेल्बी बराच वेळ त्या काटक्यांकडे बघत राहिली. मग ती पिकअपमध्ये बसलेल्या आर्डिसकडे आली. मर्लने कानाला हात लावून शेल्बीला काहीतरी समजावलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. हिचे कान माझ्या गोळ्यांनी गेले, असं तो सांगत असावा. शेल्बीने वही काढली, लिहिलं आणि आर्डिससमोर धरलं.

"अस्वल येताना तुम्हाला ऐकू आलं का?"

मर्ल दाराशी उभा राहून वाचत होता.

आर्डिसने पेन हातात घेतलं. खोटं लिहिणं सोपं होतं. वारा होता, ऐकू आलं नाही, एवढं पुरलं असतं. मग तिचे कान त्या शेवटच्या दोन गोळ्यांनी गेले असं ठरलं असतं, नवऱ्याने बायकोचा जीव वाचवताना गेले. असं बहिरेपण गावात मिरवता आलं असतं. मर्लही ते घेऊन जगला असता. तिने त्याच्याकडे पाहिलं. हातांवर एल्कचं रक्त सुकलेलं, दाढीत बर्फ, आणि डोळ्यांत नुसती माया. या माणसाला सुख मिळावं म्हणून ती इतकं सहज खोटं बोलली होती. त्या खोट्यापायी तो आज गुडघ्यांवर बसून तिच्या भरवशावर सुरी चालवत राहिला. ती मान वळवून झाडीकडे बघत असताना अस्वल त्याच्या पाठीमागून आलं असतं तर आधी त्याच्याच अंगावर गेलं असतं, आणि ती वारा म्हणत उभी राहिली असती. तिने लिहिलं:

"नाही. पहिल्या गोळीपासूनच मला काही ऐकू येत नव्हतं. मी बोळे काढले होते. मी त्याला सांगितलं नाही. तो विचारत होता तेव्हा मी अंदाजाने उत्तरं दिली. खाणीतसुद्धा मी खोटं बोलले."

शेल्बीने वाचलं आणि वही मर्लच्या हातात दिली.

मर्लने एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तो बोलायला लागला. जन्मभर मोजकं बोलणारा तो माणूस पिकअपच्या दारात उभा राहून बोलतच राहिला. ओठ थांबेनात, हात मध्येच छातीकडे जाई, मध्येच कपाळावर. तो रागावला होता की माफी मागत होता, ते आर्डिसला समजेना. शेल्बी मान खाली घालून बाजूला गेली. आर्डिसने त्याच्या हातातली वही घेतली, कोरं पान उघडलं आणि पेनासकट त्याच्यापुढे धरली. मर्लने ती पाहिली नाही. तो तिच्या डोळ्यांत बघत बोलत होता, आणि ती वही तशीच धरून बसली होती.